ट्रकची डावी बाजू



चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी पहिली पाळी भरायच्या वेळेला थांबलं, की डावीकडे वळणारा एखादा लांब कंटेनर हमखास पाहायला मिळतो. वळण घेण्याआधी ड्रायव्हर गाडी थोडी उजवीकडे काढतो. त्याला ती काढावीच लागते, कारण वळताना ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत येतात. पण गाडी उजवीकडे सरकली की डावीकडे मोकळी जागा दिसू लागते. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला वाटतं, चला, वाट मिळाली. पंचिंगची वेळ झालेली असते, तो आत शिरतो. पुढच्या चार-पाच सेकंदांत ती जागा संपते.

या जागेवर लक्ष ठेवायला पूर्वी गाडीत एक माणूस असायचा, क्लीनर. उजवीकडे ड्रायव्हर आणि डाव्या खिडकीत क्लीनर. वळण आलं की त्याचं अर्धं अंग खिडकीबाहेर. दाराच्या पत्र्यावर थाप मारायची, दुचाकीवाल्याला ‘ए भाऊ, मागं थांब’ म्हणून दटावायचं आणि ड्रायव्हरला सांगत राहायचं, ‘येऊ द्या उस्ताद, येऊ द्या, अजून येऊ द्या, बस्स!’ कारखान्याच्या आवारात गाडी रिव्हर्समध्ये डॉकला लावायची असली, की हाच पोरगा खाली उतरून मागे उभा राहायचा. पगार जेमतेम, झोप गाडीखालच्या सावलीत. सुरक्षेच्या साधनांत त्याची गणना कधी कुणी केली नाही, पण ट्रकची डावी बाजू त्याच्याच जिवावर चालत होती.

आता क्लीनर मिळत नाही. गावाकडची मुलं कंपनीत हेल्पर म्हणून लागतात, पार्सलची कामं करतात, आणि त्यात त्यांचं भलंच आहे. मालकाचाही एक पगार वाचतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत चौकशी केलीत तर कळेल, कितीतरी गाड्या एकट्या ड्रायव्हरच्या भरवशावर बाहेर पडतात.

दुसरा बदल कानांचा. 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. मे महिन्यात इंजिनाच्या धगीत दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाकडून सावधपणाची अपेक्षा करणं हाच अन्याय होता. मात्र एसी आला की काचा बंद होतात. दुचाकीचा बारीक हॉर्न, पत्र्यावरची थाप, ‘अरे थांब, थांब’ अशी कुणाची तरी हाक, हे सगळं काचेबाहेर राहतं. म्हणजे डावीकडचा माणूस गेला आणि डावीकडचा आवाजही गेला. उरला तो दाराच्या खांबाला लावलेला आरसा. त्या आरशाच्या जागी कॅमेरा लावण्याचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे, तो या पार्श्वभूमीवर.

ही कल्पना आता नवी नाही. गाड्यांच्या आरशांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा जो नियम आहे, क्रमांक 46, त्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि सगळ्या आरशांऐवजी कॅमेरा आणि पडदा वापरायला वाट मोकळी झाली. जपाननेही त्याच वर्षी परवानगी दिली. 2018 मध्ये मर्सिडीज-बेंझने ॲक्ट्रॉस हा ट्रक मोठ्या बाहेरच्या आरशांशिवाय जगापुढे आणला. या कंपनीच्या मोटारी आपल्या चाकणलाच बनतात, हा ट्रक मात्र जर्मनीतला. त्याच्या छताच्या दोन्ही कडांना छोट्या दांड्यांवर कॅमेरे बसवलेले असतात आणि केबिनच्या आत, समोरच्या काचेच्या दोन्ही खांबांवर पंधरा इंची उभे पडदे. अमेरिकेत नियमाने आरसे लागतातच, पण 2019 मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने एका कॅमेरा प्रणालीला आरशांऐवजी वापरण्याची खास सूट दिली.

त्या वेळी गाजावाजा झाला तो डिझेलच्या बचतीचा. मोठे आरसे वारा अडवतात, ते काढले की एक-दीड टक्क्याच्या आसपास इंधन वाचतं, असं सांगितलं गेलं. वर्षाला लाखभर किलोमीटर मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी ती रक्कम मोठी आहे. पण वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि वेग नसेल तर तो नगण्यच राहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मालवाहू गाडीला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे, तिथे काही बचत दिसेल. मोशी ते आंबेठाण चौक या पट्ट्यात ट्रक ज्या गतीने सरकतो, तिथे आरसा काढून डिझेलचा थेंबही वाचणार नाही. त्यामुळे आपल्या भागापुरता हा मुद्दा मी बाजूला ठेवते.

आपल्या कामाचा फायदा वेगळा आहे. ट्रेलर डावीकडे वळला की डाव्या आरशात काय दिसतं? ट्रेलरचा पत्रा. गाडी मधोमध मुडपते, आरसा केबिनबरोबर वळतो आणि मागची चाकं नेमकी नजरेआड जातात. ज्या क्षणी पाहायची गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी आरसा निकामी होतो. कॅमेऱ्याचं चित्र गाडी वळेल तसं बाजूला सरकतं आणि ट्रेलरचं शेवटचं टोक पडद्यावर धरून ठेवतं. ट्रेलर कुठे संपतो, मागच्या गाडीपासून अंतर किती, याच्या रेषाही पडद्यावर आखलेल्या असतात. अंधारात कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यापेक्षा जास्त दिसतं. पावसात आरसा भिजतो, शिवाय तो ज्या खिडकीतून पाहायचा तिची काचही भिजते. कॅमेरा मात्र छताच्या आडोशाला असतो आणि काचेवर बाष्प धरू नये म्हणून गरम ठेवलेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ट्रकचे आरसे आता इतके मोठे झाले आहेत की ते स्वतःच एक आडोसा बनतात. खांब आणि आरसा मिळून चौकात रस्ता ओलांडणारा अख्खा माणूस झाकला जातो. आरसे काढले की ती खिडकी मोकळी होते, आणि ड्रायव्हर तिथून थेट आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो.

मग आरसे उतरवून ठेवायचे का? माझं मत स्पष्ट आहे. आपल्या पट्ट्यात आज आरसे काढू नयेत. कॅमेरे मात्र आजच लावावेत, आधी डावीकडे आणि केबिनच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, आरशांच्या जोडीला. त्याची कारणं सांगते.

आरसा दोन्ही बाजूंनी काम करतो. ट्रकच्या मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराला आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला, तर ड्रायव्हरलाही तो दिसू शकतो. आपल्याकडे हे कुणी वर्गात शिकवत नाही, पण रोज नाशिक रस्त्याने कामाला जाणाऱ्या माणसाला ते अंगवळणी पडलेलं असतं. ड्रायव्हरने आरशातून मान हलवली की तो पुढे काढतो. कॅमेऱ्याच्या दांडीत चेहरा दिसत नाही. ड्रायव्हरने आपल्याला पाहिलं की नाही, हे बाहेरच्या माणसाला कळायची सोय जाते. एकाच चौकात आरशाच्या आणि बिनआरशाच्या अशा दोन्ही गाड्या मिसळल्या, तर ही अडचण वाढेल.

दुसरं, अंतराचा अंदाज. पडद्यावरचं चित्र सपाट असतं. आरशात पाहताना ड्रायव्हर थोडा पुढे वाकतो, मान तिरकी करतो आणि कोपऱ्यात लपलेली गोष्ट हुडकतो. पडद्यापुढे कितीही वाकलं तरी चित्र तेच राहतं. वर्षानुवर्षं आरशात पाहून डॉकला गाडी लावणाऱ्या हाताला हे नव्याने शिकावं लागतं. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेलं पडद्यावर उमटायला किंचित वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तो 200 मिलिसेकंदांपेक्षा कमी हवा. ताशी 60 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे जाते. चौकातल्या वळणावर वेग कमी असतो, तिथे हा फरक हातभराचाच राहतो, पण महामार्गावर लेन बदलताना त्याचं भान हवं.

तिसरं, आपली धूळ आणि आपला चिखल. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या भागातले आतले रस्ते जुलैमध्ये कसे असतात, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत आहे. आरसा मळला तर ड्रायव्हर खिडकीतून हात काढून फडकं मारतो. छताच्या कडेवरचा कॅमेरा पुसायला वर चढावं लागेल. आरशाची काच फुटली तर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात दुसरी मिळते आणि तासाभरात गाडी मार्गाला लागते. पडदाच बंद पडला तर रात्री अकरा वाजता शिक्रापूर रस्त्यावर काय करायचं? जर्मनीतही पहिल्या दांड्या जास्त लांब ठरल्या. झाडाच्या फांद्या आणि अडथळे लागू नयेत म्हणून पुढच्या आवृत्तीत त्या प्रत्येक बाजूला दहा सेंटिमीटरने कमी कराव्या लागल्या. तिथल्या मोकळ्या रस्त्यांवर ही वेळ आली. आपल्याकडे वडाच्या पारंब्या, वाकलेल्या तारा आणि कंपनीच्या गेटची कमान सगळंच अंगाशी येतं.

याच्याही आधीची एक साधी गोष्ट राहून गेली आहे. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधली मोकळी जागा झाकायला लोखंडी साइड गार्ड लावायचे असतात, म्हणजे पडलेला माणूस चाकाखाली ओढला जात नाही. महामार्गावर उभं राहून पाहा, कितीतरी गाड्यांचे गार्ड वाकलेले, कापलेले किंवा काढून टाकलेले दिसतील. कॅमेरा चुकला, ड्रायव्हर चुकला, दुचाकीवाला चुकला, तरी शेवटी जीव वाचवणारं ते लोखंड आहे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची होती. गार्ड सरळ करून घ्यायला कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहायची गरज नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 125 क्रमांकाचा नियम आरशांबद्दल आहे, आणि आरसा कसा असावा, कुठे बसवावा याची मानकं त्याच्या जोडीला आहेत. मार्च 2025 मध्ये केंद्राने मोठ्या बस आणि ट्रकांसाठी एक मसुदा काढला. आपोआप लागणारा ब्रेक, ड्रायव्हरला झापड आली तर इशारा, लेन सुटली तर इशारा, यांच्याबरोबर ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजूला सायकलस्वार किंवा पादचारी आला तर सूचना देणाऱ्या यंत्रणेचाही त्यात विचार आहे. युरोपात अशी सूचना देणारी यंत्रणा जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या ट्रकवर आहे. लंडनने तर त्याहून पुढची गोष्ट धरली. केबिनमधून ड्रायव्हरला थेट डोळ्यांनी किती दिसतं, यावर तिथे बारा टनांवरच्या ट्रकांना तारे दिले जातात. तारे कमी असतील, तर वाढीव सुरक्षा साधनं बसवल्याशिवाय शहरात यायला परवाना मिळत नाही. आपल्याकडच्या पोलिसांनी गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी घालायचे आदेश अनेकदा काढले. बंदीच्या वेळेबरोबर गाडीतून काय दिसतं, हेही पाहिलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि ते पाहायला लागणारं सगळं इथेच आहे. 1966 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं केंद्र चाकणला आहे. भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था आहे. कासारवाडीला ड्रायव्हिंग प्रशिक्षणाची संस्था आहे. पिंपरीत टाटांचे ट्रक बनतात, चाकणला महिंद्रांचे. कॅमेऱ्याची परीक्षा आंबेठाण चौकातल्या जुलैच्या चिखलात, पन्नाशीच्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देऊन घेता येईल. परदेशातला अहवाल वाचून आपण निर्णय घ्यायचं काही कारण नाही.

पन्नाशीचा ड्रायव्हर मी मुद्दाम म्हटलं. आरशात पाहताना डोळा काचेच्या पलीकडे रोखलेला असतो. उजव्या खांबावरचा पडदा मात्र ड्रायव्हरपासून हातभर अंतरावर येतो. चाळिशी लागलेल्या माणसाला रस्ता स्वच्छ दिसतो आणि हातभरावरचं धूसर दिसतं. नजर रस्त्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून रस्त्यावर सतत न्यायची, तर त्या डोळ्याला प्रत्येक वेळी जुळवून घ्यावं लागतं, आणि वयाबरोबर ते जमेनासं होतं. अवजड परवान्यासाठी जो डॉक्टरी दाखला लागतो, फॉर्म 1-अ, त्यात 25 मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, हे विचारलेलं आहे. हातभरावरच्या पडद्याचा विचार त्या फॉर्ममध्ये असण्याचं कारणच नव्हतं, तेव्हा तसा पडदाच नव्हता. आता तो येतो आहे. म्हणून माझी मागणी अशी आहे, की कॅमेऱ्याची गाडी ताब्यात देताना कंपनीने ड्रायव्हरची जवळची नजर तपासून घ्यावी, लागेल तो चष्मा गाडीच्या किमतीतच द्यावा, आणि रिकाम्या आवारात दोन दिवस त्याला पडद्यावर पाहून रिव्हर्स मारायचा सराव करू द्यावा, त्या दोन दिवसांच्या भत्त्यासकट.