घोट्याचे दुखणे आणि दुर्बिणीचे ऑपरेशन
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण मी कुबड्या घेऊन गल्लीतून जाताना तुम्ही पाहिलेत आणि निम्म्या जणींनी विचारलेत, "एवढ्याशा मुरगळण्याला ऑपरेशन?" त्याचे उत्तर आज देते.

गच्चीवरून पापड खाली आणताना शेवटची पायरी चुकली. आंबेहळदीचा लेप लावला, फडके बांधले, तिसऱ्या दिवशी कामाला लागले. सूज उतरली, पण घोटा आतून दुखतच राहिला. पाटावरून उठताना अडकल्यासारखा होई. एक्सरेत काही दिसले नाही. दीड वर्षाने एम.आर.आय. काढला तेव्हा कळले. घोट्याच्या आत टॅलस नावाचे हाड आहे. त्यावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड. भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो एका जागी सुटला होता. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती आपली आपण नीट भरून येत नाही.

आधी तीन महिने पट्टा आणि विश्रांती झाली. (बायकांची विश्रांती कशी असते ते तुम्ही जाणताच.) मग दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले. एक म्हणाले, गुडघ्यातून कूर्चेसकट हाडाचा तुकडा काढून घोट्यात बसवू. दुसरे म्हणाले, दुर्बिणीतून साफ करून हाडाला बारीक भोके पाडू. खर्चात पुष्कळच फरक. घरात म्हणणे पडले, महागाचे तेच चांगले असणार. मी वाण्याच्या वहीत प्रश्न लिहून पुन्हा दोघांकडे गेले.

भोके पाडण्याच्या रीतीत घोट्यापुढे दोन लहान छेद घेतात. सुटलेली कूर्चा खरवडून कडा घट्ट करतात आणि खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटरवर भोके पाडतात. आतले रक्त वर येऊन साकळते व त्याचा नवा थर धरतो. हा थर अस्सल कूर्चेचा नव्हे, ठिगळ आहे. जखम लहान असेल तर ते टिकते. पूर्वी पंधरा मिलिमीटरपर्यंत चालेल म्हणत, आता बरेच डॉक्टर दहाच्या आसपास थांबतात. खाली हाडात पोकळी असली तर ठिगळ दबते.

गुडघ्यातला तुकडा अस्सल खरा, पण तो बसवायला पुष्कळदा घोट्याचे आतले हाड कापून पुन्हा स्क्रूने जोडावे लागते आणि चांगला गुडघा दुखायला लागू शकतो. मोठ्या जखमेला किंवा पहिले ऑपरेशन फसले तर तो उपाय. भोकांवर पातळ पडदा बसवण्याचीही एक रीत आहे. शिवाय आपल्याच कूर्चेच्या पेशी वाढवून लावतात. स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 साली गुडघ्यावरचे त्याचे निकाल छापले. त्याला दोनदा टेबलावर जावे लागते. सर्वांना सरस अशी एकच रीत अजून ठरलेली नाही, हे दोघांनीही कबूल केले.

गंमत म्हणजे 1931 साली बर्मन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिले होते की घोटा इतका अरुंद आहे की दुर्बीण त्यात चालायची नाही. 1939 पर्यंत जपानच्या ताकागींनी ती चालवून दाखवली.

माझी जखम नऊ मिलिमीटर, पोकळी नाही. हे मोजमाप ऐकल्यावर पहिले डॉक्टरही म्हणाले, मग दुर्बिणीने करून घ्या. मी आधी विचारलेच नव्हते, केवढी आहे म्हणून!

ऑपरेशन तासाभराचे. खरे कठीण पुढचे सहा आठवडे, पाय जमिनीला टेकवायचा नाही. सासूबाई सत्तरीच्या, त्यांनी पोळ्या लाटल्या आणि मी पलंगावर बसून भाजी निवडली. त्या दिवसांत मला चार वेळा रडू आले, ते दुखण्याने नव्हे.

आता सात महिने झाले. जिना चढते. उकिडवे बसले तर अजून टोचते, ते राहील की जाईल ते वर्षाने कळेल. ती वही परवा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी नेली आहे, त्यांचाही घोटा सुजतो. वाण्याचा हिशेब त्यातच आहे, तेव्हा वाचून झाली की परत द्या म्हणावे.