खाणीच्या कडेला उभा राहणारा माणूस

आजचा प्रश्न असा: खाणीसाठी जेसीबी माती ओढतो, तेव्हा शेजारी पुरातत्त्वाचा माणूस कशाला हवा?

इंग्लंडमध्ये या कामाला 'वॉचिंग ब्रीफ' म्हणतात. यंत्राला बिनदाताची, सपाट कडेची बकेट लावायची आणि वरची माती पातळ थरांनी काढायची. आपण बाजूला उभं राहून मातीचा रंग बघायचा. पिवळट मातीत काळा गोल दिसला, तर तिथे कधीकाळी खांब रोवलेला असू शकतो. लगेच हात वर, यंत्र बंद. मग खुरपी, मोजपट्टी, फोटो, नकाशा. बरेच दिवस काहीच मिळत नाही. पण 'इथे काही नव्हतं' हीसुद्धा नोंदच असते.

यातून काय हाती लागतं? केंब्रिजशायरमधली मस्ट फार्मची खाण घ्या. विटांसाठी चिकणमाती काढायची जागा. १९९९ मध्ये तिच्या कडेला लाकडी खांबांची टोकं दिसली. २०१५-१६ मध्ये मोठं उत्खनन झालं आणि सुमारे २,८५० वर्षांपूर्वी पाण्यावर उभारलेली घरं सापडली. बांधून वर्षही झालं नसेल, तोच ती जळून खाली गाळात पडली. त्यामुळे कापड, भांडी, भांड्यातलं अन्नसुद्धा टिकलं. आणि हे सगळं कळलं ते कुणीतरी ती टोकं ओळखली म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? तर कोकणात या. तिथे जुनं खोल मातीखाली नाही, सड्यावर, वरच आहे. चिरेखाणीत आधी वरचा खडबडीत कातळ काढून टाकतात, कारण त्यातून सरळ चिरा निघत नाही. आणि कातळशिल्पं कोरलेली आहेत ती नेमकी त्याच कातळावर. म्हणजे खाणवाल्याचा टाकाऊ थर तोच आपला इतिहास.

कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आहे. बारसू, उक्षी, कुडोपी अशी कोकण-गोव्यातली ९ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांचं नाव तरी झालं. पण गवताखाली, बोटभर मातीखाली झाकलेल्या चित्रांचं काय?

खाणी बंद करा, असं मी म्हणत नाही. माझं घरही जांभ्याचंच आहे, आणि त्या चिऱ्यांवर कितीतरी घरं चालतात. मागणं एवढंच, की यंत्र लागायच्या आधी जाणत्या माणसाने तो सडा एकदा पायी फिरावा, आणि माती निघताना तिथे थांबावं. 'थांबा' म्हणायचा अधिकारही त्याला हवा. नाहीतर तो नुसताच बघ्या.

तुमची जमीन खाणीला द्यायची असेल, तर गवत वाळल्यावर आधी स्वतः फिरून बघा. कातळात रेघ दिसली तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. चिरा दुसऱ्या सड्यावरही मिळेल, ती रेघ नाही मिळणार.

भेटू पुढच्या भागात.