पोटगी ठरली, पण चष्म्याचे पैसे कोण देणार?

आजचा भाग सांताक्रूझ पूर्वेहून रेकॉर्ड करतोय, मध्येच डोक्यावरून विमान गेलं तर सांभाळून घ्या.

विषय असा. आईवडील वेगळे झाले, मुलाची पोटगी ठरली, दर महिन्याला पैसे खात्यात येतात. सगळं सुरळीत. मग एक दिवस डेंटिस्ट म्हणतो, दातांना तारा लावाव्या लागतील. किंवा दहावीच्या क्लासची फी भरायची वेळ येते. आई म्हणते, "हे तुझ्या बाबांना सांग." बाबा म्हणतात, "मी दर महिन्याला देतोय ना?" आणि दोघांच्या मधे मूल, हातात बिलाचा फोटो घेऊन.

मुंबईत ‘मेंटेनन्स’ म्हटलं की आधी सोसायटीचं बिल आठवतं. तोच दाखला घेऊ. महिन्याच्या बिलात पाणी, वॉचमन, जिन्यातले दिवे येतात. गच्ची गळायला लागली की वेगळी वर्गणी काढतात. वर्गणी कशी काढायची हे आधीच ठरलेलं असेल तर मीटिंग लवकर संपते. ठरलेलं नसेल तर भांडण पावसाळाभर चालतं. मुलांच्या वरखर्चाचंही अगदी हेच होतं.

आता कायदा काय म्हणतो? यातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच केसमधून आलाय. रजनेश विरुद्ध नेहा. ही केस नागपूरच्या फॅमिली कोर्टातून सुरू झाली. तिथे मुलासाठी आधी महिना ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरले. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० ला. केस सुरू झाली तेव्हा मूल काही महिन्यांचं होतं, निकाल लागेपर्यंत ते शाळेत जायच्या वयाचं झालं. तान्ह्या बाळाचा खर्च आणि शाळेतल्या मुलाचा खर्च, केवढा फरक!

त्या निकालात कोर्टाने सांगितलं की मुलाच्या खर्चात जेवण, कपडे, घर, औषधपाणी आणि शिक्षण तर येतंच, पण जादा क्लास किंवा एखादा कौशल्याचा कोर्सही धरायला हवा. मात्र रक्कम वाजवी पाहिजे, अवाच्या सवा नको. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा, पण आईची कमाई पुरेशी असेल तर दोघांनी कमाईच्या प्रमाणात वाटून घेता येतो.

हा ‘प्रमाणात’ शब्द नीट समजून घ्या. समजा बाबांचा पगार ६०,००० आणि आईचा ४०,०००. तारांचा खर्च आला ५०,०००. अर्धा-अर्धा केला तर दोघांना २५,०००. प्रमाणात केला तर बाबांचे ३०,००० आणि आईचे २०,०००. अर्धा-अर्धा ऐकायला बरं वाटतं, पण कमी पगाराच्या खिशाला तो जड जातो.

याच निकालामुळे पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात मुलांच्या खर्चाचा वेगळा भाग असतो आणि जादा कोर्स, खास ट्रेनिंग यांचीही जागा असते. बरेच जण ती जागा रिकामी सोडतात. सोडू नका.

परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल तर ‘कन्सेंट टर्म्स’मध्ये पाच गोष्टी लिहून घ्या. एक, वरखर्च म्हणजे नक्की काय: दवाखाना, चष्मा, क्लास, सहल, खेळाचं सामान, लॅपटॉप. दोन, कोणाचा वाटा किती टक्के. तीन, किती रकमेच्या वरचा खर्च आधी विचारून करायचा. तातडीचा दवाखाना यातून वगळा, तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन परवानगीची वाट कोण बघणार? चार, बिल पाठवल्यावर किती दिवसांत पैसे द्यायचे. शक्य असेल तिथे शाळेची फी थेट शाळेतच भरा, म्हणजे पैसे कुठे गेले हा वाद राहत नाही. पाच, दरवर्षी रक्कम किती वाढणार.

ऑर्डर आधीच झाली असेल तरी मार्ग बंद नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आणि विशेष विवाह कायद्याचं कलम ३८, दोन्हींत मुलांच्या पालनपोषणाच्या आणि शिक्षणाच्या आदेशात नंतर बदल मागता येतो. आपल्यासाठी फॅमिली कोर्ट बीकेसीत आहे. तिथे समुपदेशकही असतात. जाताना पावत्या तारखेप्रमाणे लावून न्या. "खूप खर्च झाला" असं सांगण्यापेक्षा त्या पावत्या जास्त बोलतात.

आणि १८ वर्षांचं लक्षात ठेवा. ही दोन्ही कलमं अज्ञान मुलांपुरती आहेत, म्हणजे ऐन कॉलेजच्या फीच्या वेळी आधार सुटू शकतो. हिंदू दत्तक व पालनपोषण कायद्यात, स्वतःची कमाई नसलेल्या अविवाहित मुलीचा हक्क पुढेही राहतो. मुलगा असो की मुलगी, बारावीनंतरच्या शिक्षणाची ओळ करारात आधीच घाला.

शेवटचं, तुमच्यापैकी जे अशा घरात वाढतायत त्यांच्यासाठी. बिलाचा फोटो बाबांना तू पाठवायचा नाहीस. "तुम्ही दोघं थेट बोला" एवढं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. तुझ्या चष्म्याचे पैसे मागणं म्हणजे कोणाची बाजू घेणं नव्हे. तो खर्च दोघांचा आहे, कारण तू दोघांचा आहेस.

प्रत्येक केस वेगळी असते, म्हणून सही करण्याआधी वकिलाला नक्की दाखवा. हा भाग ज्याला उपयोगी पडेल त्याला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!