काचेच्या पेटीपाशी आईची जागा

चोपडा-यावलच्या किंवा शिरपूर-साक्रीच्या एखाद्या पाड्यावर कमी दिवसांचं बाळ जन्मलं, की त्याला जळगाव-धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवतात. बाळ काचेच्या पेटीत आणि घरचे दाराबाहेर, हे दृश्य आपल्या ओळखीचं. पण आईला दाराशी न अडवता आत घेणाऱ्या एक डॉक्टर मुंबईत होत्या. डॉ. आर्मिडा फर्नांडिस.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्या नवजात बाळांचा विभाग सांभाळत. बाळं खूप, परिचारिका मोजक्या आणि जंतुसंसर्गाचं भय कायमचं. त्यांनी आयांनाच बाळाच्या सेवेत सामील करून घेतलं. भर आईच्या दुधावर. ते कमी पडेल त्या बाळांसाठी १९८९ साली त्यांनी तिथेच मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. पुढे त्या याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. बाळाची काळजी दवाखान्याच्या फाटकाशी संपत नाही, म्हणून १९९९ मध्ये वस्त्यांमधल्या आया-बाळांसाठी ‘स्नेहा’ संस्था उभी राहिली.

आईला बाळाजवळ आणण्याची आणखी एक वाट म्हणजे बाळ उराशी धरण्याची रीत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या उघड्या छातीवर ते उभं ठेवायचं, मान एका बाजूला वळवायची म्हणजे श्वास मोकळा राहतो, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापडाचा पक्का बांध. मग ऊबही मिळते आणि दूधही जवळ. भारतासह पाच देशांत हा प्रयोग बाळ जन्मल्याबरोबर, त्याची तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता केला गेला. २०२१ साली निष्कर्ष आला: १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं घटले. औषधाविना एवढा फरक, ही साधी गोष्ट नव्हे.

आई सिझरनं खाटेवर असेल तर बाप, आजी, मावशी हेही बाळ उराशी धरू शकतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि बाप कामाला सुरतेला, असं कितीदा होतं! त्यानं सुट्टी काढून यावंच.

तेव्हा आपलं बाळ पेटीत असेल, तर सिस्टरांना संकोच न करता विचारा: बाळ उराशी कधी घेऊ?