तणनाशक, हरभरा आणि निंदणारी बाई



आपल्याकडे भात कापल्यावर ओलीवर कुळीथ, वाल होतात. घाटावर रब्बीत हरभरा होतो. त्यातले तण बहुतेक बायकाच खुरप्याने काढतात. सोयाबीनवर इमॅझेथापायर हे तणनाशक फवारले तर सोयाबीन ते पचवते. हरभरा मात्र पिवळा पडून खुरटतो.

असे का? हे औषध रोपातील एका विकराला बंद पाडते. मग तीन आवश्यक अमिनो आम्ले तयार होत नाहीत आणि रोप उपाशी मरते. शास्त्रज्ञांना हरभऱ्याची अशी रोपे मिळाली, की ज्यांच्या जनुकात एकच अक्षर बदललेले आहे; त्या विकरावर औषधाची पकड बसत नाही. हे अक्षर हाच मार्कर, म्हणजे खूण. पानाचा तुकडा तपासला की फवारणी न करताच तगणारे रोप निवडता येते. यात परका जनुक घातलेला नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 2021 साली याच तत्त्वावर पुसा बासमती 1979 आणि 1985 हे भाताचे वाण दिले. ही विद्या सरकारी संस्थेच्या हाती आहे, हे चांगलेच झाले.

पण मी कामगार चळवळीतला माणूस. 1928 साली मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा महिने संप केला. त्यांत आपले कोकणचे लोक पुष्कळ होते. त्यांचे भांडण यंत्राशी नव्हते. एकाने अधिक माग सांभाळायचे आणि दुसऱ्याने घरी बसायचे, याच्याशी होते.

उन्हात ओणवे होऊन निंदणे ही काही पूजा नव्हे. ते कष्ट गेले तर आनंदच आहे. ऐन वेळी माणूस मिळत नाही, ही शेतकऱ्याची अडचणही खरी. पण भूमिहीन बाईची मजुरी बुडाली तर तिची चूल कशी पेटावी?

आणखी एक. जो बदल आपण हरभऱ्यात शोधतो, तोच तणात आपोआप घडतो. या गटातील औषधांना न जुमानणाऱ्या तणांच्या जाती जगात सर्वांत अधिक आहेत. मग पुन्हा खुरपेच लागणार. तोवर ते धरणारी बाई गाव सोडून गेलेली असेल.

म्हणून माझे मागणे साधे आहे. असा वाण देताना तण किती मेले हे मोजता, तसे मजुरीचे दिवस किती गेले हेही मोजा. याच महाराष्ट्राने 1977 साली मागेल त्याला काम देण्याचा कायदा केला. गेलेले दिवस त्याच न्यायाने भरून द्या. जनुकातले एक अक्षर आपल्याला वाचता येते; या बाईचे नाव मात्र अजून कुठल्याही हजेरीपटावर नाही. ते आधी लिहा.