गेलेल्या माणसाचे नाव



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण मला येत नाही. घरी घडले तेवढे सांगते.

मामंजी वारले तेव्हा नोंदीचा कागद मी भरायला घेतला. त्यात होते, ‘मयताचे नाव’. सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “मयत काय म्हणतेस? ते कैलासवासी झाले.” त्यांचे मन मोडवेना. मी नावाआधी ‘कै.’ लिहिले. दाखल्यावर तो ‘कै.’ नावाला चिकटूनच आला. पासबुकावरचे नाव वेगळे, म्हणून सासूबाईंना चार महिने हेलपाटे पडले. चूक माझीच.

आपल्या घरांत बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, तेही वाढते. तसा माणूस मरत नाही. तो जातो, वारतो, देवाघरी जातो. कोणी कैलासवासी, कोणी वैकुंठवासी, कोणी ख्रिस्तवासी, कोणी पैगंबरवासी. १९४७ च्या फाळणीनंतर आपल्या शीव कोळीवाड्यात पंजाबी कुटुंबे आली. त्यांतल्या माझ्या शेजारीणबाई ‘पूरे हो गये’ म्हणतात. शब्द निराळे, माया एकच.

कचेरीला मात्र सर्वांसाठी एकच शब्द लागतो, मयत. हा शब्द मूळचा अरबी, आणि ‘वारस’ही अरबीच. कागदावर दोघे जोडीने चालतात. मयताची नोंद नाही, तर वारसाचे काम अडते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत त्याची विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा आहे. ज्या शब्दाला आपण भितो, त्याच्यामागेच बाईचा हक्क उभा आहे.

दाखला दुरुस्त करायला गेलो, तेव्हा कारकुनाने विचारले, “मयताचे नाव?” मी गप्प. सासूबाईंनीच पदर सावरून मामंजींचे संपूर्ण नाव घेतले. जन्मात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय! घरी आल्यावर मात्र तसबिरीखाली माझ्याकडून ‘कैलासवासी’ लिहून घेतले.

तेव्हा भगिनींनो, तसबिरीखाली मायेचा शब्द लिहा, कागदावर पासबुकात असेल तेच नाव लिहा. वाढदिवसाच्या शुभदिनी हा विषय काढला, त्याची क्षमा मागून मी आपली रजा घेते.