देवघर घरात, दुकान रस्त्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या चंदगडात आता कितीतरी भगिनी उद्योगाला लागल्या आहेत. कोणी काजूचा माल विकते, कोणी खानावळ चालविते. अशाच एकीने मला मध्यंतरी विचारले, "ताई, दुकान माझे, पैसा माझा, देवही माझा. मग कोणाला वाढावे, हे सरकारने का सांगावे?" प्रश्न मनापासूनचा होता. त्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तरासाठी लांब जायला नको. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढण्यास मदत केली. विटाळ मानणारे तिकडे फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावीत. १९१९ साली त्यांनी संस्थानातील सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले. कोणाच्या देवघराला त्यांनी हात लावला नाही. चारचौघांच्या जागेतला विटाळ तेवढा मोडला.

पुढे आपल्या घटनेने हेच केले. पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला धर्माचे स्वातंत्र्य दिले, पण ते सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि इतरांचे मूलभूत हक्क सांभाळून. पंधराव्या कलमाने दुकाने व उपाहारगृहे धर्म, जात किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता सर्वांना खुली केली. १९५५ साली अस्पृश्यतेचा कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने तर धर्माचा आधार देऊन अस्पृश्यतेचे समर्थन करणे हाही अपराध ठरला.

तरीही माझ्या लहानपणी एका हॉटेलाबाहेर फळीवर कानतुटके कप वेगळे ठेवलेले मी पाहिले आहेत. पिणाऱ्याने ते स्वतःच विसळून ठेवायचे. मालक म्हणे, "आमच्या धर्मात असेच आहे." पण गल्ल्यात पडणारा पैसा मात्र त्याला बाटत नव्हता!

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत एक हॉटेलवाला काळ्या लोकांना जागेवर बसून खाऊ देत नसे आणि त्यासाठी धर्माचे कारण सांगे. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कारण उडवून लावले. मात्र २०१४ साली त्याच न्यायालयाने एका मोठ्या दुकानदार कुटुंबाला, त्यांच्या श्रद्धेखातर, कामगार स्त्रियांच्या विम्यातून संततिनियमनाची काही साधने वगळण्याची मुभा दिली. सरकारला दुसरी वाट काढता येईल, असे न्यायालय म्हणाले खरे. पण श्रद्धा मालकाची आणि झळ कामावरच्या बाईला, हे आपण बायकांनी विसरू नये.

मग धर्म सोडायचा का? मुळीच नाही. खानावळीत मांस-अंडे शिजवायचे नसेल तर खुशाल शिजवू नका. एकादशीला दुकान बंद ठेवा. काय विकावे हे तुमच्या मनावर आहे. पण जे एकीला विकता, ते दुसरीला तिची जात किंवा धर्म पाहून नाकारू नका. आणि कामावरच्या बाईचा हक्क आपल्या सोवळ्याखाली दडपू नका.

घराचा उंबरठा आपला आहे. दुकानाचा उंबरठा मात्र येणाऱ्या प्रत्येकीचा आहे. एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.